अकरा सेकंद आधीची हिरवी पट्टी

तंजावूर
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की राजलक्ष्मी नावाच्या नर्सने तिसरा स्क्रीन पाहिलाच नाही. ते चूक आहे. तिने तो पाहिला होता. तो कोरा होता.

आधीच्या पत्रातली चूक पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत दुरुस्त करायची, ख्यालीखुशाली नंतर, हा तुझाच नियम. ख्यालीखुशाली एवढीच की अप्पांचा गुडघा बरा आहे आणि अम्मा समोर बसून मी काय लिहिते ते बघते आहे. ती मराठी बोलते, पण तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून दार न लावता लिहिता येतं. फोनवर हे बोलता आलं नसतं.

गेल्या वेळी घाईत लिहिलं, म्हणून पहिल्यापासून सांगते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी नर्स पाठवणारी एक संस्था आहे. इथे, तुमच्याकडे तिरुवैयारुत आणि पापनाशमकडे मिळून तिच्या चौतीस नर्सेस फिरतात. त्यांच्या फोनमधलं ॲप आमच्या कंपनीने बनवलं. नर्सने रुग्णाचं नाव दाबलं की चार स्क्रीन एकाच वेळी भरायला लागतात. पहिल्यावर रुग्णाची माहिती, दुसऱ्यावर औषधं, तिसऱ्यावर कोणतं औषध त्याला चालत नाही ते, चौथ्यावर मागच्या भेटीची नोंद. गावांत नेटवर्क कमी. कोणता स्क्रीन भरला आणि कोणता नाही ते कळायचं नाही, नर्सेस चारही पुन्हापुन्हा उघडून बघत बसायच्या. संस्थेने सांगितलं, सगळं आलं की एक खूण दाखवा. ते काम माझ्याकडे आलं. मी खालच्या बाजूला एक हिरवी पट्टी केली. चारही स्क्रीन भरले की ती उमटते आणि मग नर्स कामाला लागते. 'पट्टी आली की सगळं आलं' असं त्यांना शिकवताना सांगतात. ते वाक्यही मीच लिहून दिलं.

तीन फेब्रुवारीला पापनाशमजवळच्या एका गावात राजलक्ष्मीने एका आजोबांना डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन दिलं. ते त्यांना चालत नव्हतं. अंगावर चट्टे उठले, श्वास अडकला. मुलाची गाडी दारातच उभी होती म्हणून निभावलं. आजोबा चार दिवसांनी घरी आले. संस्थेने राजलक्ष्मीला कामावरून थांबवलं आणि चौकशी बसवली. आम्हाला विचारणा झाली, तेव्हा आमचे मालक रघुपती सार यांनी उत्तर लिहिलं: पट्टी आली होती, म्हणजे चारही स्क्रीन आले होते. मी तुला तेच कळवलं.

काल मी तिच्या फोनवरून आलेली नोंद वाचली. ॲप प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवतं. सकाळी नऊ बारा आणि सात सेकंदांनी पट्टी उमटली. दहाव्या सेकंदाला तिने तिसरा स्क्रीन उघडला, चार सेकंद पाहिला, बंद केला. त्या स्क्रीनवरची माहिती पोहोचली अठराव्या सेकंदाला. ज्यांना सगळंच चालतं अशांचा तिसरा स्क्रीनही कोराच दिसतो. खाली हिरवी पट्टी असताना तिला शंका यायचं कारण नव्हतं.

पट्टी अकरा सेकंद आधी कशी आली ते मला कळतं आहे असं वाटतं. काम माझं आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

विनुता

•

तिरुवैयारु
बुधवार, २५ फेब्रुवारी

विनुते,

तेरा किलोमीटर यायला तुझ्या पत्राने चार दिवस घेतले. तुझ्या ॲपपेक्षा सावकाश, पण आलं ते सगळं एकदम आलं.

राग मानू नको, पण माझी खात्री पटलेली नाही. तू सहा वर्षांची असताना माडीवरची लोणच्याची बरणी माकडाने फोडली. मी खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं. तू तिथे नव्हतीसच, मागे विहिरीपाशी होतीस. तरी संध्याकाळी हात मागे बांधून माझ्यापुढे उभी राहिलीस. "आत्या, माझ्याकडून फुटली असेल." असेल! मी म्हटलं, "मग शेपूट कुठे आहे गे तुझं?" तू रडलीस, पण कबुली काही मागे घेतली नाहीस. तेव्हापासून तुझी कबुली मी चाळणीतून घेते.

आता सांग. पट्टीची वेळ आणि माहिती पोहोचल्याची वेळ एकाच घड्याळाची आहे का? एक फोनचं आणि एक तुमच्या ऑफिसातलं असेल, आणि दोन घड्याळांतच अकरा सेकंदांचा फरक असेल, तर तुझा पुरावा तिथेच संपला. आणि एकदा घडलं ते पुन्हा घडवून दाखवता येतं का? पुन्हा करून न येणारं गणित मी फळ्यावर कधी ठेवलं नाही. बत्तीस वर्षं शाळेत हेच शिकवलं आणि घरी स्वयंपाकघरात तुला.

शिवाय तुमचं हे 'स्क्रीन भरतात' म्हणजे काय ते मला कळेल असं लिही. मी बेरीज-वजाबाकीची बाई आहे.

हे होईपर्यंत कुणापाशी काही बोलू नको. त्या आजोबांना बरं वाटतं आहे ना, तेवढं पुरे सध्या.

अम्माला म्हणावं, पत्रात तिच्याबद्दल काही नाही. तिला दर वेळी आहे असंच वाटतं.

कमलाक्षी आत्या

•

तंजावूर
सोमवार, २ मार्च

तीर्थरूप आत्या,

मागच्या पत्रात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

घड्याळ एकच आहे. दोन्ही वेळा त्याच फोनच्या. तुझा प्रश्न वाचल्यावर मी तीनदा तपासलं.

ऑफिसात ती चूक घडवून बघता येईना, कारण इथे नेटवर्क चांगलं आहे. म्हणून शनिवारी ऑफिसचा जुना फोन घेऊन पापनाशमला गेले. निघताना हरिणी म्हणाली, "टेस्टिंग म्हणजे टेबलाशी बसून करतात मा. तू तीर्थयात्रा करत्येस." हरिणी माझ्या शेजारी बसते आणि तिला सगळ्याचं हसू येतं. पापनाशम स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला नेटवर्क येतं आणि जातं. तिथल्या बाकावर बसून एका खोट्या रुग्णाचं नाव चाळीस वेळा दाबलं. शेजारी फुलं ओवत बसलेली बाई बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, "रिझल्ट लागायचाय का? पास झालीस?"

"सात वेळा नापास," मी म्हटलं.

"आणि तरी परत बसतेस? माझा मुलगा एकदाच नापास झाला, दुबईला गेला."

चाळीसांत सात वेळा पट्टी तिसऱ्या स्क्रीनच्या आधी आली. दोन सेकंदांपासून चौदा सेकंदांपर्यंत.

आता तुला कळेल असं सांगते. रमणच्या मुंजीत मी नऊ वर्षांची होते आणि मला तूप वाढायला दिलं होतं, आठवतं? तूप सगळ्यांत शेवटी. वाढणारीने 'झालं' म्हटलं की मोठी माणसं आपोशन घेणार, आणि एकदा जेवण सुरू झालं की राहिलेलं मागून घेणं आपल्यात वाईट दिसतं. बारा पानं होती. मी बारा पळ्या मोजल्या आणि 'झालं' म्हटलं. रंगराव काका टोकाला बसले होते, त्यांच्या भातावर तूप नव्हतं. ते काही बोलले नाहीत, कोरडा भात जेवले. मधल्या एका पानावर मी दोनदा वाढलं होतं. पळ्या बारा झाल्या, पण पानं अकराच झाली.

इथेही तेच झालं आहे. प्रत्येक स्क्रीन भरला की 'झालं' म्हणतो. मी ती 'झालं' मोजत होते. चार झाली की पट्टी. पण औषधांचा स्क्रीन दोनदा 'झालं' म्हणतो. आधी फोनमध्ये राहिलेली जुनी यादी दाखवतो तेव्हा एकदा, आणि नवी यादी आली की पुन्हा. ऑफिसात सगळं एका क्षणात येतं, म्हणून पापणी लवेपर्यंतचाच फरक पडतो आणि दिसत नाही. गावात तिसरा स्क्रीन मागे राहिला, तर औषधांची दोन, पहिल्याचं एक, चौथ्याचं एक, अशी चार पुरी होतात. आणि मागे राहिलेला स्क्रीन रंगराव काकांसारखा गप्प बसतो. आकडा मोजायचाच नव्हता. चौघांची नावं लिहून ठेवायची आणि जो येईल त्याच्या नावावर काट मारायची; एकच जण दोनदा आला तरी काट एकच. तिसऱ्या स्क्रीनवर काही नसेल तर 'काही नाही' असं लिहून यायला हवं. हे दोन तासांचं काम होतं. मी ते पाच महिन्यांपूर्वी करायला हवं होतं.

आज सकाळी रघुपती सारांना केबिनमध्ये जाऊन दाखवलं. त्यांनी दोन पेले फिल्टर कापी मागवली.

"चाळीसांत सात? सगळं तूच केलंस?"

"हो, सार."

"घरी काय सांगितलंस, पापनाशमला कशाला चाललीस म्हणून?"

"देवळात."

"म्हणजे खोटं बोलता येतं तुला," असं म्हणून ते हसले. मग कागद पुन्हा वाचला आणि हसायचे थांबले. "संस्थेशी आपला करार जूनपर्यंत आहे, विनुता. हे बाहेर गेलं तर दुसरी संस्थाही येणार नाही. आठ जण बसतात इथे."

"राजलक्ष्मी नववी धरा, सार."

विचार करायला त्यांनी थोडा वेळ मागितला आहे.

विनुता

•

तिरुवैयारु
सोमवार, ९ मार्च

विनुते,

आता खात्री पटली. माकडाची गोष्ट परत घेते.

तुला न विचारता मी एक केलं. समोरच्या घरी संस्थेची नर्स येते, तिच्याकडून राजलक्ष्मीचा पत्ता घेतला आणि शनिवारी बसने जाऊन आले. मी कोणाची कोण ते तिला सांगितलं नाही. एक निवृत्त टीचर, आजारी बहिणीसाठी नर्स शोधते आहे, असं म्हटलं. ही माझी लबाडी, ती तू माझ्या नावावर लिहून ठेव.

बाई चाळिशीची. ओसरीवर उडीद पाखडत होती. मला आधी ताक दिलं, मग म्हणाली की सध्या मी कामावर नाही. मी कारण विचारलं. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे.

"मी उघडून पाहिलं होतं असं मला वाटतं, टीचर. पण चौकशीत म्हणतात, सगळं आलेलं होतं, मशीनमध्ये तसं आहे. मशीन कशाला खोटं बोलेल? माझीच नजर चुकली असेल. चष्म्याचा नंबरही बदलला आहे."

"पण तुम्हाला आठवतं ना, पाहिल्याचं?"

"आठवायचं. आता रोज थोडं कमी आठवतं."

तिची सासू आतून ओरडली, "चांगली अठरा वर्षं सुया टोचल्या, आता मला टोच, मला काही होत नाही!" दोघी हसल्या. मला हसता आलं नाही.

शुक्रवारी, वीस तारखेला, चौकशीची शेवटची बैठक आहे. तिथे ती लिहून देणार आहे की तिसरा स्क्रीन आपण न पाहता सुई दिली. तसं लिहून दिलं तर बरं, प्रकरण लवकर मिटेल, असं तिला कुणीतरी सांगितलं आहे. मिटणार नाही. त्या सहीवर नर्सिंगच्या नोंदणीतून तिचं नाव काढायला पाठवतील. तिला तेही ठाऊक आहे. "न पाहता दिली असेल तर काढायलाच पाहिजे ना," म्हणाली.

आता तुझ्या मुंजीच्या गोष्टीत एक दुरुस्ती. ही पहिल्या ओळीत यायला हवी होती. माझाच नियम, पण माझ्याने तिथे लिहवलं नाही. पळ्या मोजायला तुला मी सांगितलं होतं. तू एकेक पान न्याहाळत सावकाश चालली होतीस, पंगतीला उशीर झाला होता. मी मागून म्हटलं, "पानं काय बघतेस गे, पळ्या मोज, बारा झाल्या की झालं म्हण." नंतर सगळ्यांसमोर तू 'माझी चूक' म्हणालीस. मी भाताचं भांडं उचलून आत गेले. त्याला पंधरा वर्षं झाली.

तुझ्या सारांनी वेळ मागितला आहे. त्यांना वीस तारीख माहीत आहे का?

काय कर ते सांगणार नाही. मी सांगितलेलं तू फार नीट पाळतेस.

कमलाक्षी आत्या

•

तंजावूर
शनिवार, १४ मार्च

तीर्थरूप आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं की सारांनी विचार करायला वेळ मागितला. ते खरं नाही. त्यांनी विचारलं, "दुरुस्ती आजच करून टाकू. बाकी सोडून देऊ. चालेल?" आणि मी "सरि, सार" म्हणून होकार दिला. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा दुरुस्ती होऊन चौतीस फोनांवर गेलेली होती. नव्या अपडेटबरोबर काय बदललं त्याची एक ओळ द्यावी लागते. मी 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं.

त्याचा परिणाम असा की आज कुणीही ॲप तपासलं तर पट्टी बरोबर वेळेला येते. राजलक्ष्मीचं म्हणणं आता खोटंच ठरेल. ते मी केलं. पहिली चूक मला माहीत नव्हती. ही माहीत होती.

मुंजीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. मला तू मागून बोललेलं आठवत नाही. तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल, पण त्याने माझ्या कामात काही फरक पडत नाही. मी चोवीस वर्षांची आहे आणि स्क्रीन मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी तुझं पत्र आलं. गुरुवारी मी नोंदी काढायला बसले, फक्त तीन फेब्रुवारीच्या नाही, पाच महिन्यांच्या. दुपारी हरिणीने खुर्ची जवळ ओढली.

"काय शोधतेस?"

मी सांगितलं. ती या वेळी हसली नाही. मग म्हणाली, "अय्यो, एकटी किती वाचशील? अर्धं इकडे दे."

संध्याकाळपर्यंत झालं. पट्टी आधी आली अशा एकसष्ट वेळा निघाल्या, एकोणीस नर्सेसच्या फोनांवर. त्यांतल्या साठ वेळा त्या रुग्णांना चालत नसलेलं औषध त्या दिवशी द्यायचं नव्हतं, म्हणून काही झालं नाही. राजलक्ष्मीने काही वेगळं केलं नव्हतं. मी ते सगळं एका कागदावर तारखांसह मांडलं आहे. खाली पट्टी कशी चुकत होती ते साध्या तमिळमध्ये लिहिलं आहे, म्हणजे चौकशीतल्या लोकांना कुणाला विचारावं लागणार नाही. पापनाशमला नेलेल्या फोनवर अजून जुनंच ॲप आहे. तोही घेऊन जाते. 'किरकोळ सुधारणा' कुणी लिहिलं तेही लिहिलं आहे. सारांनी काय विचारलं ते लिहिलं आहे आणि मी काय उत्तर दिलं तेही.

सारांना न सांगता जाणं बरोबर वाटेना. काल सांगितलं. ते ओरडले नाहीत. या वेळी कापी मागवली नाही.

"त्या दिवशी तू नाही म्हटलं असतंस, तर मी काही वेगळं केलं असतं असं तुला वाटतं का?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, सार. मीही केलं नाही."

"तू गेल्यावर इथे तुझी जागा राहील असं मी म्हणू शकत नाही."

"हो, सार."

"फोन ऑफिसचा आहे."

"सही करून नेते."

त्यांनी वही पुढे केली. मी सही केली, तारीख घातली. बाहेर आल्यावर हरिणी म्हणाली, "तुझी खुर्ची मी घेणार, तिची चाकं नीट फिरतात." मग जिन्यापर्यंत सोडायला आली.

अम्माला अजून सांगितलेलं नाही. आत्ताही ती समोर बसली आहे, शेंगा सोलते आहे, आणि मध्येच या ओळींकडे बघते. हे पत्र संपलं की तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, तुझी पत्रं आणि माझ्या पत्रांच्या मी ठेवलेल्या नकला, सगळं पहिल्यापासून.

राजलक्ष्मीला तू पुन्हा भेटू नको. तिला मी भेटेन, माझं नाव सांगून, पण आधी चौकशीवाल्यांकडे. तिला आधी सांगितलं तर ती माझीच समजूत घालत बसेल असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

बैठक शुक्रवारी आहे. गुरुवारी पाडवा, संस्थेचं ऑफिस बंद. सोमवारी आणि मंगळवारी चौकशी करणाऱ्या बाई मदुराईला आहेत. मी फोन करून विचारलं, नाव आणि काम दोन्ही सांगितलं, आणि त्यांनी वेळ दिली. मी जाणार आहे बुधवारी, १८ मार्चला, सकाळी साडेदहा वाजता.

विनुता